गोळी घेतली, आता उंदीर सांगा

आमच्या शिरूरच्या घरात प्रत्येक खोलीत घड्याळ का, असं तुम्ही दोघं दर सुट्टीत विचारता. स्वयंपाकघरात आहे, ओसरीवर आहे, जिन्याच्या वळणावर आहे, न्हाणीघराच्या दाराबाहेरसुद्धा आहे. सगळ्यांना लाल सेकंदकाटा आहे. तुमची आई तुम्हाला सांगते की आजी शिस्तीची आहे म्हणून. शिस्तीची मी आहेच. डाळींच्या डब्यांवर मी अजून चिठ्ठ्या चिकटवते. पण ती घड्याळं मी लावलेली नाहीत. ती लावली आमच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या उंदीरमॅडमनी.

हे नाव गल्लीनं ठेवलेलं. हायवेवरच्या एका फार्मसी कॉलेजात त्या औषधशास्त्र शिकवायच्या आणि त्याच वेळी पीएच.डी. करत होत्या, उंदरांवर. वय पस्तिशीचं असेल. खोली बघायला आल्या तेव्हा एक ट्रंक आणि एक सायकल बरोबर होती, म्हणजे खोली पसंत करूनच आल्या होत्या. इतर भाडेकरू आधी पाणी किती वाजता येतं ते विचारतात. यांनी ओसरीवर उभ्या उभ्या चारी भिंती न्याहाळल्या आणि विचारलं, "काकू, घरात सेकंदकाटा असलेलं घड्याळ कुठंय?"

मी म्हटलं, "नाही बाई. असं का विचारता?"

"न्हाई म्हणून विचारलं. कुणाला कवा फिट येईल सांगता येत न्हाई."

आता हे त्यांनी दुसऱ्या कुणाच्या घरी म्हटलं असतं तर लोकांनी त्यांना वेडी म्हटलं असतं. पण आमच्या घरात आतल्या खोलीतून तुमचे आजोबा हसले. त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता, त्यातून हातपाय सावरले होते, पण तेव्हापासून अधूनमधून फिट यायची. मी हे सांगितलं, तेव्हा मॅडमच्या चेहऱ्यावर दया आली नाही. परगावी आपल्या गावचं माणूस भेटावं तसा चेहरा झाला. "असं व्हय!" त्या म्हणाल्या. "काका, म्हंजी आपण एकाच धंद्यातले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या खर्चानं घड्याळं आणून ठोकली. फिट पाच मिनिटांत थांबली तर घाबरायचं नाही, पाच मिनिटांपलीकडे गेली तर एक क्षण घालवायचा नाही, हे त्यांचं पहिलं सूत्र. पण घाबरलेल्या माणसाला एक मिनिटसुद्धा तासासारखं वाटतं आणि कधी कधी उलटंही होतं, म्हणून घड्याळ. "आपला अंदाज पाहुण्यांच्या पोळ्या करताना खोटा पडतो, फिटसमोर तर पडतोच," असं त्या म्हणायच्या.

बाईंच्या सवयी सांगायला बसले तर तुमची आई म्हणेल, आई, आटप. तरी दोन-तीन सांगते. त्या माणसांशी अगदी सरळ बोलायच्या, प्राचार्यांनासुद्धा "असं कसं म्हणता?" विचारायच्या, पण उंदरांना मात्र अहो-जाहो करायच्या. त्यांच्या कॉलेजातल्या प्राणिगृहात मी एकदा डबा द्यायला गेले होते. पांढऱ्याशुभ्र उंदराला ओंजळीत घेऊन त्या म्हणत होत्या, "पाव्हणं, आज जरा त्रास द्यायचाय तुम्हाला. माफी असावी." मी डबा पुढं केला तर म्हणाल्या, "आज न्हाई जेवत मी, काकू. आज ह्यांना फिट आणायची हाय." प्रयोगाच्या दिवशी त्या उपाशी राहायच्या. त्याला त्या उपास म्हणायच्या नाहीत. "आपल्यापायी त्यांना त्रास, मग आपण भरल्या पोटी कसं बघायचं?" एवढंच. आणि उंदरांना नाव ठेवायच्या नाहीत. नाव ठेवलं की सुई टोचवत नाही म्हणायच्या.

रविवारी सकाळी त्या गल्लीतल्या बायकांना जमवून तालीम घ्यायच्या. आमच्या जुन्या लोडाला आजोबांचा सदरा चढवायचा, त्याला ओसरीवर आडवं करायचं आणि म्हणायचं, "ह्या लोडआप्पांना फिट आलीय. चला, काय करणार?" मग एकीनं कुशीवर वळवायचं, दुसरीनं गळ्याचं बटण सोडायचं, तिसरीनं घड्याळ बघायचं. तोंडात चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. समोरच्या सुमनकाकूंना हे सगळं तमाशासारखं वाटायचं. त्या एकदा म्हणाल्या, "मॅडम, ह्यो लोडआप्पा दर रईवारी फिट येऊन पडतोय. त्याला एकदा ताईत बांधा की!" सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या. पण सुमनकाकूंनी हसता हसता पायातली चप्पल काढून लोडाच्या नाकापाशी नेली, तसा मॅडमचा चेहरा बदलला. त्यांनी चप्पल हातातून घेतली आणि जिन्याखाली नीट ठेवून आल्या.

"चप्पल हुंगायचीच असंल तर आणणाऱ्यानं हुंगावी," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता.

त्या संध्याकाळी मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, आणि पुन्हा कधी सांगितलं नाही. त्या मांडवगण फराट्याच्या. वडील कुरकुंभच्या केमिकल कंपनीत शिफ्टला जायचे, आई मजुरीला. थोरल्या भावाला लहानपणापासून फिट यायची. एकदा भर दुपारी शेतात आली आणि थांबेचना. वस्तीवरचे, गावातले सगळे धावले. "दादाच्या नाकाला त्या दिवशी अख्ख्या गावच्या चपला लागल्या, काकू. एरवी ज्यांच्या दारात आम्ही चपला काढून उभं राहायचो, त्यांच्याबी लागल्या. कांदे फोडले, किल्ल्यांचा जुडगा हातात दिला. फक्त गाडी कुणी आणली न्हाई. सगळ्यांना वाटत होतं, आता थांबंल, मग थांबंल." दादा वाचला. पण त्याचं बोलणं गेलं. त्यांच्या खोलीत बुद्धाची मूर्ती होती, बाबासाहेबांचा फोटो होता, आणि त्याच्या शेजारी शाळेच्या गणवेशातला, मोठ्यानं हसणारा दादा होता.

एम.फार्म. झाल्यावर कॉलेजात लागेपर्यंत त्यांनी कुरकुंभलाच एका औषध कारखान्यात नोकरी केली. तिथं सांधेदुखीवरच्या, सूज उतरवणाऱ्या गोळीची पावडर तयार व्हायची. पावडरीचे नमुने तपासता तपासता त्यांच्या डोक्यात एक किडा शिरला. फिट लांबली की मेंदूत सूज येते, आणि सूज आली की फिट आणखी लांबते. जितका उशीर, तितकं फिटचं नेहमीचं औषध कमी लागू पडतं. मग त्या नेहमीच्या औषधाबरोबरच सूज उतरवणारं औषध दिलं तर? हाच त्यांचा प्रबंध. त्यात आणखी एक भानगड होती, नायट्रिक ऑक्साईड नावाच्या वायूची. तो आपल्या मेंदूतच तयार होतो म्हणे.

हे सगळं ऐकायला त्यांना आमच्या घरात एक हक्काचा श्रोता मिळाला होता. तुमचे आजोबा भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या अर्ध्या भावक्यांची भांडणं त्यांनी बांधावर उभं राहून पाहिली होती. रोज संध्याकाळी मॅडम कॉलेजातून आल्या, सायकल लावली, की आजोबा ओसरीवरून विचारायचे, "काय म्हणतात आज पाव्हणे?" मग त्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायच्या आणि त्या दिवसाचा उंदीर सांगायच्या. मी आत पोळ्या लाटत ऐकायची.

"पण हा तुमचा वायू चांगला का वाईट?" आजोबांनी एकदा विचारलं.

"तेच कळंना, काका. भावकीच्या भांडणात मध्यस्थ असतो न्हवं का? थोडा असला तर वाट मोकळी करतो. रक्ताच्या नळ्या सैल करतो, मेंदूला रक्त पोचवतो. जास्त झाला की त्योच काठी उचलतो आन् दोन्हीकडं हाणत सुटतो."

आजोबांना हे इतकं पटलं की त्यांनी गुडघ्यावर थाप मारली आणि गुडघा दुखला म्हणून ओरडले. "म्हणजे हा आमचा रावणगावचा आप्पा! मोजणीला बोलवावा तर भांडण, न बोलवावा तरी भांडण!"

"आगदी बरोबर. त्याला आडवलं की काही पाव्हण्यांना आराम पडतो, आन् काही पाव्हण्यांचं उलट बिघडतं."

"आणि ती सुजेची गोळी?"

"तिचं बरं चाललंय." मॅडमचे डोळे चमकले. "नेहमीच्या औषधाबरोबर दिली की फिट लवकर आवरती. आमच्या पाव्हण्यांची तरी."

ते शेवटचं वाक्य त्यांनी नेहमीसारखंच म्हटलं. मी ते आतून ऐकलं. आजोबांनी ओसरीवर ऐकलं. कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी आजोबांच्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न दौंडला होतं. मॅडमची दौंडला काही कामं होती, म्हणून त्याही आमच्याबरोबर गाडीत आल्या. आजोबा खुशीत होते. हल्ली त्यांना दुपारची पेंग येत नव्हती, गुडघाही बरा होता. गाडीत त्यांनी गाणंसुद्धा म्हटलं. मला वाटलं, चला, औषध अंगी लागलं.

मंगलाष्टकं संपून टाळ्या वाजल्या आणि आजोबा खुर्चीवरून खाली गेले.

मी त्यांच्या बऱ्याच फिट पाहिल्या होत्या. ही वेगळी आहे हे मला त्यांच्या जबड्यावरून कळलं. मॅडम अक्षता टाकत पलीकडच्या रांगेत होत्या. त्या खुर्च्यांवरून आल्या म्हटलं तरी चालेल. आम्ही दोघींनी मिळून त्यांना कुशीवर वळवलं, बटण सोडलं. आणि मंगल कार्यालयात जे व्हायचं तेच झालं. दाराबाहेर पाचशे माणसांच्या चपलांचा ढीग होता. लोक धावत गेले आणि ज्याच्या हाताला जी लागली ती घेऊन आले. वहाणा, सँडल, एकानं तर नवरदेवाचा लपवलेला बूट आणला. आचाऱ्याकडून कुणी कांदे फोडून आणले.

"आवं, हुंगवा की! चामड्याची हाय!"

"आरं सरका, वारं लागू द्या!"

"काकूस्नी बाजूला घ्या आधी!"

मॅडम आजोबांच्या डोक्यापाशी दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. "एकबी चप्पल पुढं येणार न्हाई," त्या ओरडल्या. असं ओरडताना मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकलं नाही. "ज्याला मदत करायचीय त्यानं गाडी दारात लावा! व्हिडिओवाले दादा, कॅमेऱ्यात टाइम दिसतोय का? मोठ्यानं सांगत राहा!"

आणि तो व्हिडिओवाला बिचारा खरंच मोठ्यानं मिनिटं सांगायला लागला. इतक्या माणसांत त्याच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नव्हता. पाच म्हटल्यावर मी पर्समधला डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातला स्प्रे काढला. माझ्या पर्समध्ये तो कुठल्या कप्प्यात आहे हे मला डोळे मिटून माहीत होतं. तेवढी माझी शिस्त त्या दिवशी कामी आली. स्प्रे मारला. थोडं कमी झालं, पण थांबलं नाही. तोवर नवरीच्या मामाची जीप दारात लागली होती. वाटेत एक ट्रक आडवा होता, तो लोकांनी हातानं ढकलून बाजूला केला. रुग्णालयात शिरेतून औषध दिल्यावर खूप वेळानं त्यांचं अंग सैल पडलं. ते जागे होतील की नाही, आणि झाले तर बोलतील की नाही, हे त्या दिवशी कुणी सांगायला तयार नव्हतं. मॅडम बाकावर माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला होता, पण बघत भिंतीकडे होत्या. त्यांना तिथं कोण दिसत होतं ते मला माहीत होतं.

आजोबा जागे झाले. पहिला शब्द बोलायला त्यांना दुसरा दिवस उजाडला. तो शब्द होता, "जेवण?" लग्नातलं जेवण राहिलं होतं ना.

मग तरुण डॉक्टरीणबाई रक्ताचा कागद घेऊन आल्या. "आजोबा, फिटच्या गोळ्या घेताय ना रोज?"

"घेतो की."

"रक्तात तर दिसत नाहीत."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे पाहिलं, आणि शाळेत पकडलेल्या मुलासारखं सांगून टाकलं. फिटच्या गोळीनं पेंग यायची, डोकं जड व्हायचं. गुडघ्यासाठी आणलेली सुजेची गोळी मात्र छान. आणि मॅडम तर रोज सांगतच होत्या की सुजेच्या गोळीनं फिट आवरते. "मग म्हटलं, गुडघ्याचीही सूज, मेंदूचीही सूज. एकाच मोजणीत दोन्ही गट मोजून होतील." फिटची गोळी ते रोज माझ्यासमोर तोंडात टाकायचे आणि मी वळले की कुंडीत टाकायचे.

डॉक्टरीणबाईंनी डोक्याला हात लावला. मॅडम उठून बाहेर गेल्या.

घरी आल्यावर सगळं पूर्ववत झालं, एक सोडून. मॅडम संध्याकाळी यायच्या, सायकल लावायच्या, "काका, बरं वाटतंय ना?" विचारायच्या आणि सरळ वर जायच्या. तिसरी पायरी रिकामी राहायला लागली. आजोबा "काय म्हणतात पाव्हणे?" विचारायचे, तर वरून उत्तर यायचं, "ठीक आहेत." आजोबा गोळी घ्यायला रोज कुरकुर करायचे. मी तोंड उघडून बघायला लागले, तसे ते माझ्याशीही धड बोलेनात. घरात सहा घड्याळांची टिकटिक ऐकू यायला लागली, म्हणजे बघा.

शेवटी मी वर गेले. मॅडम कॉटवर कागद पसरून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "काकू, मी खोली बदलते."

"का?"

"माझ्या तोंडातून निघालं आन् काका मरणाच्या दारातून परत आले. दादाच्या वेळी लोकांनी चपला आणल्या. मी काय आणलं? मीबी चप्पलच आणली की. नुस्ती शिकलेली चप्पल."

मी इंग्रजीची शिक्षिका. शब्द शोधून देणं हे माझं काम, पण मी नुसती त्यांच्या ट्रंकेवर जाऊन बसले. तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला. गुडघा दुखत असताना तुमचे आजोबा वळणापर्यंत चढून आले होते. घड्याळाखाली उभे राहून त्यांनी दम घेतला.

"मॅडम," ते म्हणाले, "मोजणी चुकली तर मोजणीदाराची चूक. मोजायच्या साखळीची नाही. मी तुमचं अर्धंच ऐकलं."

"मी 'उंदीर' हा शब्द फार हळू म्हणत होते, काका."

"मग मोठ्यानं म्हणा. पण बोलायचं थांबवू नका. असं करू. रोज संध्याकाळी तुमच्यासमोर मी फिटची गोळी घेतो. तुम्ही तोंडात बघा हवं तर. मग तुम्ही एक उंदीर सांगा. गोळी नाही तर उंदीर नाही, आणि उंदीर नाही तर गोळी नाही."

मॅडमनी कॉटवरचे कागद गोळा केले. मग म्हणाल्या, "गुडघ्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याबिगर घ्यायची न्हाई."

"मान्य."

दुसऱ्या संध्याकाळपासून ते सुरू झालं. मॅडम तिसऱ्या पायरीवर. आजोबा गोळी जिभेवर ठेवून दाखवणार, पाणी पिणार, पुन्हा तोंड उघडून दाखवणार आणि म्हणणार, "गोळी घेतली, आता उंदीर सांगा." आणि मॅडम प्रत्येक उंदराच्या आधी मोठ्यानं, कीर्तनात नाव घ्यावं तसं म्हणायच्या, "उंदराचं हाय! माणसाचं न्हाई!" पलीकडून सुमनकाकू ओरडायच्या, "व्हय व्हय, कळलं!" त्यांच्या घरीसुद्धा गोळ्या घेतल्या जायच्या त्या हाकेवर.

प्रबंध पूर्ण झाला. सूज उतरवणाऱ्या औषधाची आशा आहे, पण वायूचं कोडं सुटलेलं नाही, असंच त्यांनी लिहिलं. ज्या पाव्हण्यांचं बिघडलं तेही सगळे त्यात घेतले. मार्गदर्शक म्हणाले होते, शेवट जरा ठाम करा. मॅडम म्हणाल्या, "ठाम बोलण्याचं काय होतं ते मी एकदा बघितलंय." पुढं त्यांना दूरच्या शहरात नोकरी मिळाली. जाताना सायकल ठेवून गेल्या. तुम्ही अंगणात चालवता ती तीच. आणि संध्याकाळचं पायरीवरचं बोलणं फोनवर आलं. आजोबा फोन स्पीकरवर टाकायचे, गोळी गिळल्याचा आवाज तिकडे ऐकू जावा म्हणून मुद्दाम घटाघटा पाणी प्यायचे. असं वर्षानुवर्षं चाललं. पुन्हा तशी लांबलेली फिट त्यांना आली नाही. ते गेले ते झोपेत, म्हातारपणानं, हे तुम्हाला माहीतच आहे.

त्यांच्या तेराव्यानंतर मी संध्याकाळी पाटपाणी आवरत होते. फोन वाजला. मला वाटलं सांत्वनाचा असेल. तिकडून आवाज आला, "काकू, तुमची बीपीची गोळी घेतली का?"

मी खरंच घेतली नव्हती. डब्यांना चिठ्ठ्या लावणारी मी, पण ते गेल्यापासून माझं कशातच लक्ष नव्हतं. मी उठले, गोळी जिभेवर ठेवली, घटाघटा पाणी प्यायले.

तेव्हापासून तो फोन रोज येतो. तुमचा व्हिडिओ कॉल कधी त्याच वेळी आला तर मी उचलत नाही, त्याचं कारण हे आहे. कालच मी त्यांना विचारलं, "अगं, त्या रावणगावच्या आप्पाचं कळलं का शेवटी? चांगला की वाईट?"

"न्हाई ना, काकू," त्या म्हणाल्या. आता केस पांढरे झालेत त्यांचे, पण आवाज तोच आहे. "आजून भांडतोय. गोळी?"

जिन्यावरच्या घड्याळाचा सेल मी त्याच सकाळी बदलला होता. त्याच्याखाली, तिसऱ्या पायरीवर मी टेकले.

"घेतली," मी म्हटलं. "आता उंदीर सांग."